पोटभर पाणी

"पिऊ दे. पोटभर पिऊ दे."

कुंडीत बादली ओतताना आक्का असं म्हणायची. नजर मात्र झाडावर नसायची; चेअरमनच्या दारावर असायची. अशी नजर तुम्हीही कुठंतरी पाहिली असेल.

आष्टीकडच्या आमच्या दूध सोसायटीत ती झाडलोट करायची, मी कारकून. तिची एकच गाय होती, चंद्री. तिचं दूध आमच्याच सोसायटीत यायचं. दुष्काळात गावची विहीर आटली. टँकर आला की आधी सोसायटीची टाकी भरायची, कारण व्हरांड्यात चेअरमनची शोभेची झाडं होती. आक्कानं गाईसाठी एक बादली मागितली.

"आज तुला दिली तर उद्या सारं गाव येईल," चेअरमन म्हणाले. "आधी कुंड्यांना घाल."

पुढच्या बाजारी चंद्री परक्या माणसाच्या टेम्पोत चढली. आक्का रडली नाही. मला त्याचीच भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी ती एकेक कुंडी आडवी करून बुडाचं भोक चुलीच्या चिकणमातीनं लिंपत होती.

"हे कावून, आक्का?"

"चेअरमनच्या झाडाला पाणी लई लागतंय न्हवं? मग खालून वाहून कावून जाऊ द्यायचं?"

पाणी कुंडीतच साचलं, मुळं कुजली. कुजलेलं मूळ पाणी ओढत नाही. बूड चिखलात आणि पानं मरगळलेली. वरची माती मात्र उन्हानं वाळून तडकायची. चेअरमन तिला बोट लावायचे आणि ओरडायचे, "कोरडी ठक्क हाय! अजून एक बादली घाल." आक्का खाली मान घालून घालायची.

"पाणी वाया चाललंय," मी एकदा कुजबुजलो.

"आपल्या वाट्याला ते कवा येणार होतं, भाऊ?"

खरं सांगतो, पान पिवळं पडलं की मला सणासारखं वाटायचं. वार्षिक सभेला पाहुणे आले, तेव्हा व्हरांड्यात नुसत्या काड्या उभ्या होत्या. पाहुण्यांनी नाकाला रुमाल लावले.

"काय करणार, दुष्काळ हाय," चेअरमन सांगत होते.

पुढच्या साली पाऊस आला. आक्का लेकीकडं गेली होती, तिथंच वारली. ती बातमी आली त्याच आठवड्यात चेअरमननी नवी रोपं आणली आणि त्याच कुंड्यांत लावायला मला सांगितलं.

जुनी माती काढून मी एक कुंडी उलटी केली. लिंपण अजून घट्ट होतं. त्यावर आक्काचं बोट उमटलेलं होतं. मी त्याला हात लावला नाही. कुंडी भरली, रोप लावलं आणि बादली ओतली.

"पिऊ दे," मी म्हणालो.