भोकांचा पुठ्ठा

तमाम नागरिकांना कळविण्यात येते की, सोनपेठमधील आमच्या घरात रविवारी दुपारी दोन ते पाच या वेळेत शिंकण्यास सक्त मनाई आहे. हुकूम माझाच. मी शाळेत मास्तर आणि मुलगी डॉक्टरकीची 'नीट' परीक्षा दुसऱ्यांदा देणार.

देणार की नाही, हेच ठरायचं होतं. पहिल्या वर्षी ती खूप कमी पडली होती. मी अट घातली: सरावात सलग दोन रविवार सातशेवीसपैकी पाचशेच्या वर गुण, तरच दुसरा प्रयत्न, नाहीतर परभणीला कृषीचा फॉर्म.

पेपर मीच तपासायचो. गोल काळे करायच्या सरावाच्या उत्तरपत्रिकांसाठी आम्हा मास्तरांची जुनी युक्ती आहे. लग्नपत्रिकेचा जाड पुठ्ठा घ्यायचा, बरोबर उत्तरांच्या जागी भोकं पाडायची आणि उत्तरपत्रिकेवर ठेवायचा. भोकातून काळं दिसलं की चार गुण; चुकीचे वजा गुण घरी धरत नव्हतो. मोजायचं आणि मोकळं व्हायचं.

आधी चारशे बारा आले होते. पुढच्या रविवारी पाचशे बत्तीस!

इतकी उडी? माझ्या नाकाला वास आला. पुढच्या खेपेला मोबाईल कपाटात, चावी माझ्या खिशात. अर्ध्या बाह्या, केसांत पिन नाही, पाण्याच्या बाटलीचा कागदसुद्धा सोलला. भिंतीवरचं कॅलेंडर उलटं टांगलं. शेजारणीच्या कुकरला दोन शिट्ट्या झाल्या, तेव्हा मी कान टवकारले. दोन म्हणजे दुसरा पर्याय तर नव्हे? बायको न मागता चहा घेऊन आली आणि माझ्याकडे बघून गोड हसली. पंचवीस वर्षांच्या संसारात असं दोनदाच घडलं होतं, दोन्ही वेळा काहीतरी फुटलं होतं.

पाच वाजता पेपर घेतला, पुठ्ठा ठेवला. पाचशे चौसष्ट!

"झालं ना पप्पा?" मुलगी म्हणाली. "आता क्लासची फी भरायची बरं का."

"लय घाई करायलीस," मी म्हणालो. तेवढ्यात गेलेली लाइट आली, पंखा गरगरला आणि पुठ्ठा उडून खाली पडला.

उत्तरपत्रिका मी पहिल्यांदाच पुठ्ठ्याशिवाय निरखून पाहिली. कित्येक प्रश्नांना दोन-दोन गोल काळे! खऱ्या परीक्षेत असं उत्तर चूकच धरतात. पण माझ्या पुठ्ठ्याला फक्त बरोबरचा गोल दिसायचा. शेजारचा चोर पुठ्ठ्याखाली झाकलेला.

मी बोट ठेवून मोजू लागलो. अडतीस. मुलीचा चेहरा उतरला. मी तोंड उघडणार, इतक्यात दारातून बायको मुलीवर कडाडली,

"अगं, तुला धाच सांगितले होते ना मी!"