भूमितीचं शनिवारचं टपाल

संगणकाला इतकं घाबरून त्याच्यावर इतका जीव लावणारा माणूस मी आमच्या भूमितीच्या सरांशिवाय दुसरा पाहिला नाही. साखरा गावच्या शाळेत ते भूमिती शिकवत आणि मी मराठी. दोन हजार पाच-सहाचा सुमार असेल. शनिवारी सकाळची शाळा सुटली की आम्ही दोघं एसटीनं हिंगोलीला जायचो. मी बाजाराला आणि ते इंटरनेटच्या दुकानात. तिथं दारातच ते चपला काढत. माउस खडूसारखा तीन बोटांत धरत आणि काम संपलं की सवयीनं हात झटकत. पान उघडायला वेळ लागला तर अडलेल्या लेकराला समजवावं तसं पडद्याला म्हणत, "सावकाश येऊ दे, घाई न्हाई." टाइप करताना ते प्रत्येक शब्द मोठ्यानं म्हणत, त्यामुळे शेजारच्या गिऱ्हाइकांचीही भूमिती थोडीफार सुधारली असावी.

हा नाद त्यांना लागला तो दहावीतल्या एका मुलीमुळे. वर्गात सगळ्यांत हुशार. दिवाळीनंतर तिचे आईवडील पुण्याला बांधकामावर गेले आणि धाकट्या भावाला सांभाळायला तिलाही घेऊन गेले. सरांना दोन दिवस डबा गोड लागला नाही. पुढं तिच्या वडिलांचा गावातल्या एसटीडीवर फोन आला, तेव्हा तिथंच असलेल्या सरांनी बूथवाल्याच्या हातातून रिसीव्हर ओढून घेतला आणि बजावलं, की दर रविवारी पोरीला जवळच्या इंटरनेटच्या दुकानात न्यायचं, आठवड्याचे धडे मी पाठवतो.

पहिला धडा गेला खरा, पण तिकडं मराठी अक्षरांचे नुसते चौकोन उमटले. तिनं ते पानभर वहीत उतरवून घेतले आणि इंग्रजी अक्षरांत मराठी लिहून विचारलं, "सर, चौकोन सगळे काढले. आता ह्यांचं करायचं काय?" मग सरही इंग्रजी अक्षरांत मराठी लिहू लागले. त्यात कोन आणि कोण एकच झाले. 'आतले कोन किती आणि बाहेरचा कोन कोणता,' असं त्यांनी विचारलं, तर उत्तर आलं, 'आत आमी चौघं, बाहेरचा मुकादम.' पोरगी थट्टा करत होती की काय, हे सरांना शेवटपर्यंत कळलं नाही.

सोमवारी तिची उत्तरं छापील कागदावरून फळ्यावर यायची. पोरांनी त्यांतल्या चुका शोधायच्या, आणि पोरांच्या शंका शनिवारी तिच्याकडं जायच्या. हजेरीत तिचा नंबर आला की सर कागद वर धरून स्वतःच "हजर" म्हणत.

परीक्षा जवळ आली तशी खरी हजेरी आडवी आली. दिवस भरत नव्हते. मुख्याध्यापक म्हणाले, नियमाप्रमाणं पोरगी बाकावर दिसली पाहिजे. सरांनी कागदांचा गठ्ठा त्यांच्या टेबलावर ठेवला. आवाज चढवला नाही.

"साहेब, बाकावरचे निम्मे झोपून राहिलेत. ही तिकडं भाऊ सांभाळून प्रमेय सोडवून राहिली. मंग हजर कोन हाय, तुमीच सांगा."

मुख्याध्यापक मूळचे गणिताचेच. गठ्ठा चाळता चाळता एका प्रमेयाशी थांबले. तिनं ते पुस्तकापेक्षा दोन पायऱ्या कमी करून सोडवलं होतं. त्यांनी खोटी हजेरी लावली नाही, पण हजेरीत सूट मिळावी म्हणून स्वतःच्या हातानं बोर्डाला अर्ज लिहिला आणि तो गठ्ठा सोबत जोडला. सूट मिळाली.

मार्चमध्ये ती परीक्षेला आली. दर आठवड्याला चार चार पानं लिहिणाऱ्या सरांना समोर एक वाक्य सुचेना. शेवटी एवढंच विचारलं, "गाडी लागली न्हाई ना?"

ती भूमितीत शाळेत पहिली आली, पुण्यातच कॉलेजात गेली. सुरुवातीला तिची पत्रं येत, मग विरळ झाली, मग थांबली. सर मात्र शनिवारी दुकानात जात, चपला काढून बसत, पाहत आणि पाच मिनिटांत उठून माझ्याबरोबर भाजी घ्यायला येत. एकदा मी विचारलंच, काही आलं का.

वांगी निवडता निवडता ते म्हणाले, "न्हाई आलं. बराबर हाय. म्हंजे तिचं काही अडून राहिलं न्हाई."