मास्तर गेल्यावर शिकलेलं

लाईट गेली की आमच्या शेडमधल्या शिलाई मशीन थांबतात आणि तोंडं सुरू होतात. सोलापुरात शाळेचे युनिफॉर्म शिवणाऱ्या कुठल्याही युनिटमध्ये जा, हेच दिसेल. आमच्याकडे पूर्वी सासवांचे, नवऱ्यांचे, रिजेक्ट झालेल्या मालाचे किस्से चालायचे. अंबादास मास्तर गेल्यापासून मात्र कुणी काहीही सांगायला लागलं, तरी गाडी त्यांच्यावरच येते.

मास्तर आमचे कटिंगवाले. मी चेकिंगला बसते, त्यांच्या टेबलासमोरच. शाळा उघडायच्या आधीची घाई होती, वर पत्रा तापलेला. मास्तर कात्री ठेवून कापडाच्या ठाणावर बसले आणि तिथूनच घसरले.

"वारा येऊ द्या!" असं सगळेच ओरडत होते, आणि सगळेच त्यांच्याभोवती गर्दी करून उभे होते. कुणी तोंडावर पाणी मारलं, कुणी कांदा फोडून नाकाला लावला. एकानं तर चप्पल हुंगवली! बसवराज मालक स्वतः खाली बसून त्यांचे तळपाय चोळत होते.

दवाखान्यात तरुण डॉक्टरनं तपासलं आणि विचारलं, "छाती दाबली होती का कुणी?"

मालक म्हणाले, "न्हाय डॉक्टर. पण पाय लई चोळले."

डॉक्टरनं चादर मास्तरांच्या तोंडावर ओढली.

*

मास्तरांचे दिवस झाल्यावर मालकांनी ठरवलं, युनिटमध्ये सगळ्यांनी प्रथमोपचार शिकायचे, छाती दाबायचा सीपीआर शिकायचा. त्यांनी माझ्यासमोर पुण्याला एका संस्थेत फोन लावला. फोन स्पीकरवर होता. बाई गोड आवाजात सांगत होत्या: बॅच पुढच्या महिन्यात, पुण्यातच यावं लागेल, राहायची सोय आपली आपण, फी माणशी. फीचा आकडा ऐकून मालकांनी कपाळाला हात लावला.

"मॅडम, माझी माणसं हातावर पोट असलेली. स्वस्तातलं, जरा लवकरचं काही नाही का?"

"लवकर म्हणजे किती लवकर, सर?"

"पुढचा माणूस पडायच्या आत!"

बाईंनी फोन होल्डवर टाकला. बराच वेळ नुसतं म्युझिक वाजलं, मग तेही बंद झालं.

*

मग रेहानानं मोबाईलवर फुकटचा ऑनलाईन कोर्स शोधला. रेहाना आमची कॉलर लावणारी, हात मशीनपेक्षा जलद. घरचं आवरून रोज अंथरुणावर पडल्या पडल्या व्हिडिओ बघायची. आठवड्यात सर्टिफिकेट आलं, त्यावर सोनेरी शिक्का. युनिटमध्ये सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"आता आम्हाला शिकव," मी म्हटलं.

तिचा चेहरा पडला. "काय शिकवू, ताई? व्हिडिओ लावला की मला झोप लागायची. बेशुद्ध माणसाला सर्टिफिकेट दिलं की त्यांनी!"

सगळे हसले. मास्तरांच्या रिकाम्या टेबलाकडे नजर गेली आणि हसू जिथल्या तिथं थांबलं.

*

एका खासगी दवाखान्याचा माणूस फुकट लेक्चर देतो, असं कळलं. तो टाय लावून आला. भिंतीवर हृदयाची चित्रं दाखवली, मग तपासणीची पॅकेजं दाखवली. कपल पॅकेज घेतलं तर सवलत होती.

शेवटी मी उठले. "साहेब, छाती कशी दाबायची तेवढं दाखवा की."

"त्याची तुम्ही काळजी करू नका, मॅडम. पेशंट आमच्याकडे आणा. आम्ही दाबतो!"

*

अखेर वाघमारे सर सापडले. कुर्डुवाडीला रेल्वेत नोकरी झालेली, तिथंच प्रथमोपचार शिकवायचे. रिटायर झाल्यावरही बोलावलं तर जातात. मालकांनी भीत भीत फी विचारली, तर म्हणाले, "तिकीट आणि दुपारची भाकरी. बाकी काय नको."

रविवारी आले. सोबत चादरीत गुंडाळलेला रबरी पुतळा, कमरेपर्यंतचा. चादरीतून डोकं बाहेर आलं होतं.

"गाडीत गर्दी होती का, सर?"

"होती की. पण मी ह्याला मांडीवर घेऊन बसलो, तसा सगळा बाक रिकामा झाला. एका म्हातारीनं तर हात जोडले!"

*

सरांनी पुतळा कटिंगच्या टेबलाशेजारी जमिनीवर ठेवला. आधी हाक मारा, श्वास बघा, ॲम्ब्युलन्सला फोन करायला एकाला नाव घेऊन सांगा. मग छातीच्या मधोमध, हात ताठ, जोरात आणि भरभर. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत थांबायचं नाही. बायका लाजत होत्या. मालक घाबरत होते.

"बरगडी मोडली तर, सर?"

"मोडली तर जुळंल. माणूस तर राहू द्या."

रेहानाची पुतळ्यावरची पाळी झाली. ती घाम पुसत तिथंच बसून राहिली. "सर, आमच्या मास्तरांना असं केलं असतं, तर वाचले असते?"



"सांगता येत न्हाय, पोरी," सर म्हणाले. "वाचले असते असंबी म्हणवत न्हाय, आणि नसते असंबी."

मालक उठून बाहेर गेले. बऱ्याच वेळानं तोंड धुऊन आले.

*

त्या दिवशी पद्मावहिनीही होत्या. मास्तरांची बायको. मालकांनी त्यांना बटणं लावायच्या कामाला घेतलं होतं. त्या मागे, भिंतीला टेकून बसल्या होत्या. सगळ्यांच्या पाळ्या झाल्या, पण त्यांना बोलवायचा कुणाला धीर झाला नाही. सरांना त्या कोण हे माहीत नव्हतं.

सर पुतळा गुंडाळायला लागले, तशा त्या उठल्या. पदर खोचला, पुतळ्याजवळ गुडघे टेकले.

"मी करू?"

"करा की, बाई."

त्यांनी पुतळ्याला आधी हाक मारली. "अहो!" मग हात ठेवले आणि दाबायला लागल्या. जोरात, भरभर, सरांनी सांगितलं होतं अगदी तसं. सर तोंडानं मोजत होते. थोड्या वेळानं म्हणाले, "शाबास! झालं, बाई."

त्या थांबल्या नाहीत. त्यांना धाप लागली होती, कपाळावरून घाम पुतळ्यावर टपकत होता. सरांनी माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. त्यांना काय कळायचं ते कळलं असावं. ते हळूच पुतळ्याच्या दुसऱ्या बाजूला गुडघ्यावर बसले.

"बाई, एकटा माणूस दमतो. पाळी बदलायची असती. आता मी घेतो."

"थांबा," वहिनी म्हणाल्या. "अजून ॲम्ब्युलन्स कुठं आलीय?"