त्रिवेणीबाईंचा रॉकर

नारायणगुड्याच्या एका शाळेत गणित शिकवणाऱ्या त्रिवेणी औंढेकरांना एक वाईट खोड होती. एखादी गोष्ट कशी होते ते कळलं नाही, तर त्यांना अन्न गोड लागत नसे. मिक्सर बिघडला की दुरुस्तीला देण्याआधी त्या तो स्वतः खोलून बघत, आणि मग दुरुस्तीवाल्याचं काम दुप्पट होई. त्यांचे यजमान मकरंदराव वकील. ते म्हणायचे, "मी साक्षीदाराला विचारत नाही इतके प्रश्न ही दूधवाल्याला विचारते."

तर या बाई चाळिशी उलटल्यावर बर्फावर उभ्या राहिल्या त्याही या खोडीपायीच. शाळेची सहल हायटेक सिटीच्या बाजूच्या एका मॉलमध्ये गेली होती. बाहेर मार्चचं ऊन, आणि आत काचेच्या भिंतीमागं बर्फाचं छोटंसं मैदान. मुलं कठडा धरून घसरत होती, किंचाळत होती. त्या सगळ्या गोंधळाच्या मधोमध एक तरुण बाई हात पसरून एका पायावर पुढं येत होती, ती बघता बघता पाठमोरी झाली. पाय न उचलता आणि वेग न मोडता. त्रिवेणीबाईंनी सहलीची मुलं दुसऱ्या टीचरच्या गळ्यात घातली, कठड्याशी गेल्या आणि विचारलं, "हे तुम्ही कसं केलं?"

ती तरुण बाई म्हणजे सफिया, तिथली शिक्षिका. लहानपणी चाकांच्या स्केट्सवर बक्षिसं मिळवून मग बर्फावर उतरलेली. ती हसून म्हणाली, "बोलने से नै समझता, मॅडम. जूते पैनो, आओ."

बाईंनी बूट घातले, आणि दुसऱ्याच मिनिटाला त्या खाली बसलेल्या होत्या.

पुढं त्या दर रविवारी सकाळी, गर्दी व्हायच्या आत, मेट्रोनं मधे गाडी बदलून तिथं जाऊ लागल्या. नातेवाइकांत चर्चा व्हायची ती झाली. हळदीकुंकवाला त्या मनगटाला पट्टी बांधून गेल्या, तेव्हा एकीनं "या वयात नसती उठाठेव" असं पुरेशा मोठ्यानं म्हणून घेतलं. बाईंनी मनावर घेतलं नाही. त्यांना स्पर्धा जिंकायची नव्हती, फोटो टाकायचे नव्हते. शरीर असं वळतं तरी कसं, एवढंच त्यांना बघायचं होतं. आणि त्यासाठी दुसऱ्याचं शरीर उपयोगाचं नव्हतं, स्वतःचंच लागत होतं.

आधी साधं सरकणं आलं, मग उलटं सरकणं. मग थ्री टर्न आला, तो वर्षभर छळून. पाय बदलून घ्यायची वळणं आली. आणि अशी काही वर्षं गेल्यावर बाईंचं घोडं अडलं ते रॉकरपाशी.

थ्री टर्नमध्ये माणूस एका पायावर वर्तुळाच्या रेषेवरून जातो, वळून पाठमोरा होतो आणि त्याच वर्तुळावरून पुढं जात राहतो. रॉकरमध्येही वळतो तसाच, पण बाहेर पडतो शेजारच्या वर्तुळावर. इंग्रजी आठच्या आकड्यात वरच्या पोटातून खालच्या पोटात उतरावं, तसा. त्यातली गोम अशी, की वर्तुळावर जाताना अंग आतल्या बाजूला कललेलं असतं, आणि वळता वळता तो कल एका वर्तुळातून काढून दुसऱ्याला द्यायचा असतो.

आता बाई वर्गात शिकवायच्या, की एकमेकांना टेकणाऱ्या दोन वर्तुळांचा स्पर्शबिंदू एकच, आणि तो दोघांचाही. फळ्यावर हे ठीक होतं. बर्फावर मात्र त्यांना प्रश्न पडला, की त्या बिंदूवर मी कुणाची? या वर्तुळाची, की त्या? आणि कललेली कुणीकडं? त्यांनी हे सफियाला विचारलं. सफियानं कपाळाला हात लावला.

"आप सोचते बहुत, मॅडम. सोचना नक्को. मुडना."

"सोचे बिगर कैसा मुडूं?" बाई म्हणाल्या.

आणि खरंच, मुडता येईना. रॉकर करायला जायचं आणि थ्री टर्न करून परत यायचं, नाहीतर सरळ पाठीवर आडवं व्हायचं. सफिया ओरडायची, "पीछे जारे आप, पीछे! खांदे पीछे नक्को फेंको!" बाईंना वाटायचं, आपण तर पुढंच आहोत. घरी हॉलमधल्या शहाबादी फरशीवर पायमोजे घालून त्या वळून बघायच्या, तेव्हा मकरंदराव पेपर घेऊन निमूट आतल्या खोलीत जायचे.

अशात एका रविवारी सफियानं बातमी दिली. मॉलवाले बर्फ काढणार होते. तिथं मुलांसाठी उड्या मारायच्या जाळ्या बसवायच्या होत्या. पुढचा रविवार गेला की त्याच्या पुढचा शेवटचा. जवळपास दुसरं बर्फाचं मैदान नव्हतं. सफिया पुन्हा चाकांकडं वळणार होती, पोट थांबत नाही. बाईंचं काय? परीक्षेत शेवटचं गणित अर्धं सुटलेलं असताना घंटा व्हावी, तसं त्यांना झालं. त्या दिवशी येताना मेट्रोत त्यांना चक्क रडू आलं आणि त्याची त्यांना लाजही वाटली. पन्नाशीला टेकलेली बाई, आणि एक वळण येत नाही म्हणून रडते! पण रडू येत होतं ते खरं होतं. रॉकर आता आला नाही, तर त्या बिंदूवर काय होतं ते त्यांना जन्मात कळणार नव्हतं.

पुढच्या रविवारी त्यांच्याबरोबर त्यांच्या थोरल्या जाऊबाई आल्या, तारामतीबाई. राहायला नामपल्लीला, वीज खात्यातून निवृत्त. बर्फ जाणार म्हणून ही पोर (त्यांच्या लेखी त्रिवेणी पोरच) खंगत चाललीय असं मकरंदरावांनी फोनवर सांगितलं होतं, म्हणून त्या काय ते बघायला आल्या. या दोघींची फुगडी म्हणजे एके काळी मराठी मंडळाच्या मंगळागौरीतलं मुख्य आकर्षण. बाकीच्या जोड्या दमून बसल्या तरी या दोघी गरगरत राहायच्या. मग तारामतीबाईंचे गुडघे गेले आणि फुगडी संपली.

शाल गुंडाळून त्या कठड्याशी बसल्या. बाईंनी रॉकर घेतला, पडल्या. पुन्हा घेतला, थ्री टर्न झाला. पुन्हा पडल्या. तारामतीबाई पुढं वाकून निरखत होत्या. मग एकदम त्यांनी हाक मारली.

"त्रिवेणी, इकडं ये. हात बघ गं तुझे."

"काय झालं हाताला?"

"वळताना समोर घेतेस, एकावर एक, आणि मुठी आवळतेस. कुणाचे हात धरलेस तिथं?"

बाई आपल्या मुठींकडं बघतच राहिल्या. मग त्यांच्या लक्षात आलं. गरकन फिरायची वेळ आली, की त्यांचं शरीर फुगडीला उभं राहत होतं. हातांची कात्री, मुठी घट्ट आणि अंग मागं झोकलेलं, कारण समोरची ओढून धरणारच आहे. इतकी वर्षं ते धरलं गेलं होतं. बर्फावर समोर कुणी नव्हतं, हे फक्त अंगाला माहीत नव्हतं.

"मी इथं बसलेय बाई, तिथं नाही," तारामतीबाई म्हणाल्या. "सोड हात."

सांगणं सोपं. फुगडीत पहिला धडा काय, तर काहीही झालं तरी हात सोडायचा नाही. सोडला तर दोघी दोन भिंतींवर. तो धडा हाडात मुरलेला. उरलेला वेळ बाईंनी हात पसरून वळायचा प्रयत्न केला, आणि दर वेळी बिंदू जवळ आला की बोटं आपोआप मिटायची. सफियालाही आता ते दिसायला लागलं. "हौ, मुठ्ठी!" ती ओरडायची. पण ओरडून मुठी थोड्याच उघडतात? जित्याची खोड ती.

शेवटच्या रविवारी तारामतीबाई पुन्हा आल्या, पिशवीत मेंदीचा कोन घेऊन.

"बस. हात पुढं कर."

"अक्का, तुम्ही काय करताय?"

"गप बस." त्यांनी दोन्ही तळव्यांवर जाडजूड चांद काढले आणि बोटांची टोकं भरली. "आता जा. ओली आहे. मिटव मूठ, बघू."

सफिया पोट धरून हसली. "क्या मॅडम, शादी है क्या किसकी?"

पण तारामतीबाई आपल्या जाऊला ओळखून होत्या. हाडं मोडली तरी चालतील, पण ओली मेंदी फिसकटू देणारी बाई त्यांच्या घराण्यात झाली नव्हती. त्रिवेणीबाई बर्फावर उतरल्या त्या तळवे उघडे ठेवून, बोटं ताणून, कुणाला दोन्ही हातांनी थांब म्हणावं तशा. पहिल्या वेळी पाऊल अडखळलं, पण बोटं मिटली नाहीत. दुसऱ्या वेळी वेग कमी पडला. मग त्यांनी मैदानाच्या टोकाकडून जोर घेतला, एका पायावर वर्तुळात कलल्या, बिंदू जवळ आला, अंग मागं जायला निघालं आणि धरायला कुणी नाही म्हणून आपोआप सरळ झालं. त्या वळल्या. पाठमोऱ्या, त्याच पायावर, शेजारच्या वर्तुळात कलून त्या शांतपणे लांब जात राहिल्या.

सफियाची शिट्टी घुमली. तारामतीबाई गुडघे विसरून उभ्या राहिल्या.

त्रिवेणीबाई कठड्याशी आल्या. डोळे भरले होते, आणि हात ओले म्हणून पुसताही येत नव्हते. "अक्का, कळलं," त्या म्हणाल्या. "तिथं कुणीकडंच कललेलं नसतं हो. ना या वर्तुळात, ना त्या. एवढासाच वेळ, पण आपण अगदी सरळ उभे असतो. एकटे."

"भीती वाटली?"

"नाही. मला वाटलं होतं वाटेल."

सफिया फोन घेऊन धावत आली. पुन्हा करा, व्हिडिओ काढू, आखरी दिन है, वेळ थोडाच उरलाय. बाईंनी मान हलवली.

"व्हिडिओ नक्को. वो दूसरा दिखाओ. काउंटर. उसमें उल्टे तरफ मुडते ना? फिर भी दूसरे चक्कर पे कैसा निकलते?"

सफियानं काउंटर करून दाखवला. बाईंनी डोळे बारीक करून पाहिला, मैदानाच्या टोकाला गेल्या, जोर घेतला आणि धाडकन पडल्या. मेंदी गेली, बर्फावर हिरवा पंजा उमटला. उठल्या, पुन्हा गेल्या, पुन्हा पडल्या. तारामतीबाईंना राहवेना.

"अगं, पुरे की आता! उद्या बर्फच नाही. हे काही तुला आज येणार नाही."

"येणार नाही, माहितीये," त्रिवेणीबाई गुडघा चोळत उठल्या. "पण कसं येत नाही, ते तरी बघून घेऊ द्या."