उपाशी ओळ

भामाबाई मूळची आंदर मावळातली, लग्न होऊन इंदुरीला आलेली. नवरा गेल्यावर ती बेगडेवाडी स्टेशनाजवळच्या आमच्या लॅबमध्ये बाटल्या धुवायला लागली. आम्ही तिला मावशी म्हणतो. तिचा हात इतका स्थिर की मी तिला पिपेट, म्हणजे थेंब मोजून सोडायची नळी, शिकवली आणि बाटल्यांतल्या जिवंत पेशींना खाऊ घालायचं काम दिलं. रविवारीसुद्धा यायची. "म्हशीला कुटं रविवार आसतो, ताई?" म्हणायची.

आम्ही सायटोकाइन बनवतो. शरीरातल्या पेशी एकमेकींना निरोप धाडतात, वाढ, थांब, लढ. ते निरोप नेणारी ही प्रथिनं. शरीरातून ती पुरेशी मिळत नाहीत, म्हणून त्यांचं जनुक जिवाणूत घालून त्याच्याकडून ती करून घ्यायची. आजारांवर संशोधन करणारे ती आमच्याकडून घेतात. पाठवण्याआधी तपासायला आमच्याकडे खास पेशी आहेत. त्या या प्रथिनावरच जगतात, बाटल्यांतल्या त्यांच्या खाण्यातही ते असतं. तपासताना त्या बारीक खळग्यांच्या ताटलीत ओळींनी भरायच्या आणि एक ओळ मुद्दाम उपाशी ठेवायची, तिला प्रथिन द्यायचंच नाही. ती मेली, तरच बाकीच्या आमच्या प्रथिनामुळे जगल्या असं म्हणता येतं.

गेल्या वर्षी ही चाचणी लागोपाठ तीनदा फसली. उपाशी ओळ आपली ठणठणीत! चाचणी लावायचा गौरव, तेव्हा कामाला लागून आठ महिने झालेला पोरगा. त्याआधी एकदा तो चाचणीतल्या पेशींना खाऊ घालायला विसरला होता, तेव्हाही मी त्याला सगळ्यांदेखत फैलावर घेतलं होतं. माझी जीभ तिखट आहे, अख्खी लॅब जाणते. तिसऱ्यांदा फसल्यावर म्हटलं, "डोकं घरी ठेवून येतोस का रे? सोमवारपासून येऊ नकोस."

गौरव टेबल आवरायला लागला. तेवढ्यात मावशी पदराला हात पुसत पुढं आली.

"ताई, त्याला घालवू नगा. त्या वळीला म्या खायला घातलं."

"काय?" मी किंचाळलेच.

"मायक्रोस्कोपात बघितलं, तर त्या पार सुकल्याल्या. म्हनलं, पोरगं परत इसरलं. आता ताई त्याला फाडून खात्याल. म्हनून गुपचूप घातलं. तिन्ही बारीला."

"अहो मावशी, मला विचारायचं ना!"

"तुमी लय वरडता, ताई. इचारायचं भ्या वाटतं."

सहा वर्षं तिच्या हातात पिपेट दिली, पण एक ओळ उपाशी का ठेवायची हे तिला कधी सांगितलं नव्हतं. तिनं विचारलंही नव्हतं, आणि ती हुशार आहे म्हणून विचारत नाही, असं मी धरून चालले होते. लाज वाटली हो, खरंच.

त्या दुपारी दोघांना शेजारी बसवून सगळं सांगितलं, गौरवला सोमवारी ये म्हटलं. मावशी म्हणाली, "कळलं. पन ती वळ तुमी लावा. माझा हात न्हाई हुयाचा." तेव्हापासून ती मीच लावते. पुढं चौथी चाचणी नीट झाली.

त्या सोमवारी गौरव आला. दारातच घुटमळला. "मॅडम, एक विचारू?"

आठ महिन्यांत पहिल्यांदाच. मी हातातलं काम खाली ठेवलं.