सरांनी तपासलेला मेसेज

सांगू का नको, असं करत इतके दिवस गप्प बसलो. पण आता चहा तुम्हीच पाजून राह्यले, तं ऐका. फक्त हसायचं ते शेवटी हसा बा, मधात नाही!

मी महागाव तालुक्यातल्या एका गावचा मास्तर. चौतीस वर्षं पोरांच्या वह्या तपासल्या. गावात कापूसवाल्यांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप निघाला, तवा सगळे म्हणाले, “अ‍ॅडमिन सरच!” मले तं पुन्हा एक वर्ग भेटल्यासारखं झालं.

साल होतं गुलाबी बोंडअळीचं. बोंड फोडलं की आत अळी. ग्रुपवर सकाळपासून शिव्या सुरू. कंपनीले, सरकारले, कोणी नसलं तं एकमेकाले. त्यात एकानं खबर टाकली, ग्रुपवर कोणी वंगाळ लिहिलं की पोलीस अ‍ॅडमिनले उचलतात!

आमच्या सौभाग्यवतीनं वाचलं अन् चष्मा काढला.

“अहो, तीन महिन्यांनी रिटायर होऊन राह्यले तुम्ही. पेन्शनच्या कागदाआधी कोर्टाचा कागद आला तं?”

घाम फुटला मले! चौतीस वर्षांची बिनडागाची नोकरी, अन् शेवटी दुसऱ्याच्या शिवीपायी जेल? रातभर विचार केला आणि सकाळी ग्रुपची सेटिंगच बदलली. आता फक्त अ‍ॅडमिन लिहील. ज्याले जे सांगायचं ते त्यानं मले पाठवायचं, मी तपासून टाकतो.

कशी आहे युक्ती? मले वाटलं, एखाद्या वकिलाले सुचली नसती. अन् खरंच नव्हती सुचली, ते पुढं येतेच.

पहिलाच मेसेज आला तांड्यावरच्या परसरामभाऊंचा. ‘सुधाकरच्या दुकानातलं बियाणं लावलं होतं. अळी लय पडली. काय फवारू?’

आता तुम्हीच सांगा, हे काय लेखन झालं? ना सुरुवात, ना शेवट! माझा हात शिवशिवला. मी लिहिलं, ‘सुधाकरच्या दुकानातील बियाणे पेरले आणि आमच्या हिरव्यागार स्वप्नांवर अळीने घाला घातला! बळीराजाच्या या फसवणुकीस जबाबदार कोण? बंधूंनो, जागे व्हा!’ खाली सवयीनं लिहिलं, ‘तपासले. बरोबर.’ अन् माझं पूर्ण नाव. फवारायचं काय, तेवढा प्रश्न गाळला. शोभत नव्हता तिथं.

दुपारपर्यंत मेसेज चार गावं फिरून आला. शाबासकीचे फोन येऊन राह्यले, अन् मी आपला फुगून बसलो.

दोन दिवसांनी सुधाकर दारात. हा माझाच विद्यार्थी बरं! सातवीत एक निबंध पाच वेळा लिहून घेतला होता मी त्याच्याकडून. पोरगं रडकुंडीला आलं होतं.

“सर, दुकानात कोणी फिरकून नाही राह्यलं. घर चालते त्याच्यावर. हे लिहिलं कोणी?”

“परसरामनं,” मी म्हटलं. “मी फक्त तपासलं.”

परसरामभाऊले बोलावलं. त्यांनी स्वतःचा फोनच समोर धरला.

“मी कुठं म्हणलं फसवणूक? मी तं औषध विचारलं होतं! अजून कोणी सांगितलं नाही!”

सुधाकर म्हणाला, केस कोणावर करायची ते वकिलालेच विचारू. उमरखेडले गेलो तिघं, एकाच एसटीत. माझ्यावर केस करायले निघालेल्या माणसानं मले खिडकीची जागा दिली. सर म्हणून!

वकिलानं दोन्ही मेसेज वाचले.

“सर, कोर्टांचं म्हणणं असं, का नुसता अ‍ॅडमिन आहे म्हणून दुसऱ्याच्या लिहिण्यापायी त्याले धरता येत नाही. तुम्ही काहीच केलं नसतं, तं तुमच्यावर काहीच नव्हतं.”

“म्हणजे सुटलो?”

“कायले सुटता? तुम्ही लोकांचं लिहिणं बंद केलं, या परसरामभाऊंचं वाक्य बदललं, अन् आपल्या नंबरावरून टाकलं. आता अ‍ॅडमिन कुठं राह्यले तुम्ही? लेखक झाले! अन् खाली नाव टाकायले कोणी सांगितलं होतं?”

ज्या फासाले भेलो, तो मीच वळला, मीच गळ्यात घातला. माझं तोंड पाहून सुधाकरलेच दया आली.

“केस नाही करत, सर. पण माफी लिहून द्या. ग्रुपवर टाकू.”

तिथंच बसून पानभर लिहिली. सुधाकरनं वाचली आणि वकिलाच्या टेबलावरचा लाल पेन उचलला.

“सर, यात फुलोराच लय आहे. पुन्हा लिहा.”

दुसऱ्यांदा लिहिली. “‘अनवधानाने’ कायले? चूक केली म्हणा नं. पुन्हा.” तिसऱ्यांदा, “परसरामभाऊंचं नाव राह्यलं, सर.” परसरामभाऊ बाजूले मान डोलवून राह्यले! चौथ्यांदा मी चारच ओळी लिहिल्या. परसरामभाऊ वाईट बोलले नव्हते, सुधाकरच्या बियाण्याचं मले काही माहीत नव्हतं, सारं मीच लिहिलं, चूक माझी. लिहिताना खरंच लाज वाटली.

सुधाकरनं खाली लाल पेनानं लिहिलं, ‘तपासले. बरोबर.’

त्या कागदाचा फोटो ग्रुपवर टाकला आणि ग्रुप सगळ्यांले मोकळा करून दिला. पहिला मेसेज परसरामभाऊंचा, ‘ते ठीक आहे सर, पण फवारू काय?’

अन् मिनिटभरात सुधाकरचं उत्तर! औषध कोणतं, पाणी किती, फवारताना तोंडाले काय बांधायचं, सगळं.

इतक्या लवकर कसं म्हणता? मधात मी नव्हतो नं!