निळे बैल

धारूरच्या बाजारात काकू कुणालाही जागच्या जागी उभं करायच्या. भाजीवाली दोडकी तोलत असली की पिशवीतून वही काढून म्हणायच्या, "थांब बाई, हात हाय तसाच ठिव." तराजू हवेत, मागचं गिऱ्हाईक खोळंबलेलं, आणि काकूंची पेन्सिल चाललेली. गावात त्यांना थांबाकाकू म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं, आणि आवडतही होतं.

लग्न होऊन मी त्यांच्या शेजारी राहायला आले, तेव्हा ही बाई काय करते ते मला दोन महिने कळलं नव्हतं. त्या मुलांच्या मासिकासाठी चित्रकथा काढत, गोष्टींच्या पुस्तकांना चित्रं करत. काकांचं पाट्या रंगवायचं दुकान होतं. ब्रश धरायला त्या तिथंच शिकल्या. काका गेले, दुकान बंद झालं, ब्रश चालू राहिला. मी शाळेत शिकवते, अक्षर बरं आहे, म्हणून पात्रांच्या तोंडापुढच्या फुग्यांतला मजकूर लिहायचं काम त्यांनी मला दिलं. शाळा सुटली की मी त्यांच्या ओसरीवर बसायची.

मी फुग्यात जरा जास्त लिहिलं की त्या वैतागायच्या. "लेकरू आधी चित्र बघतंय. तू कावून एवढं बोलायलीस?" मग माझ्या तीन ओळींची एक ओळ व्हायची, आणि तीच बरी वाटायची.

न बघता काही काढायचं नाही, हा त्यांचा नेम. आईबापांबरोबर ऊसतोडीला जाणाऱ्या मुलीचं पुस्तक हाती घेतलं, तेव्हा तेलगावच्या रस्त्याला उसाच्या गाड्यांच्या पांढऱ्या बैलांजवळ त्या अख्खा दिवस बसून राहिल्या. म्हणाल्या, "शहरातल्या लेकरांना चालंल एखाद्या वेळेस. आपली लेकरं बैलाची चूक लगेच धरतेत."

अर्धी पानं रंगवून पुण्याला पाठवली. आठवड्याने संपादकांचा माझ्या मोबाइलवर फोन आला, मी तो काकूंसाठी स्पीकरवर लावला. त्यांनी फार अदबीनं विचारलं, "काकू, बैल निळे का आहेत? पाच पानांवर तसेच आहेत. राहिलेलं काम दुसऱ्या कुणाकडून करून घेतलं तर चालेल का?"

काकू "बरं" म्हणाल्या. पानं परत आली, ती त्यांनी उघडलीसुद्धा नाहीत. दुसऱ्या दिवशी सगळे ब्रश स्टीलच्या डब्यात घालून माझ्याकडे घेऊन आल्या. "तुझ्या शाळेतल्या लेकरांना दे. माझा हात गेला आता."

मी घरी नेऊन पानं पाहिली. बैल खरंच निळे होते. रोज अक्षरं लिहिताना मला ते दिसत होतं, पण चित्रकाराच्या मनात काही असेल, आपण काय विचारायचं, म्हणून मी गप्प बसले होते. डबा मी मुलांना दिला नाही, कपाटात ठेवला.

पंधरा ऑगस्टला झेंडावंदनाहून परतताना काकू दारात बसलेल्या दिसल्या. म्हणाल्या, "ही हळदुली साडी चांगली दिसती तुला."

मी थांबले. "काकू, साडी पांढरी आहे."

"पांढरी?" त्यांनी पदर हातात घेऊन पाहिला. मग मागे वळून विचारलं, "आन् ही भिंत?"

"तीही पांढरीच."

"मला तर दोन वर्षं झाली, पिवळी दिसती. मला वाटलं, चुना जुना झाला."

मी त्यांना बीडला दवाखान्यात नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. डॉक्टर म्हणाले, डोळ्यातलं भिंग पिवळं पडलं की पांढरं पिवळट दिसतं. ते पांढरं दिसावं म्हणून चित्र काढणारा माणूस निळा रंग घालत जातो. काकूंनी ऐकून घेतलं, पण ऑपरेशनची तारीख मात्र दोनदा पुढे ढकलली. शेवटी एकदा हळूच म्हणाल्या, "डोळा बरा झाला आन् हात खरंच गेल्याला निघाला, तर काय करू?" मी म्हटलं, मी येते तुमच्याबरोबर.

दिवाळीआधी एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी काढल्यावर त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं. "सविता, तुझ्या तोंडावर एवढे वांग हायत व्हय?" मग मी पिशवीतून एक पान काढून पुढे धरलं. त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि एकदम हसायला लागल्या.

"अगं, हे बैल निळीत बुडवून काढल्यात. तू रोज बघत होतीस, सांगितलं कावून न्हाई?"

"मला वाटलं, तुमच्या मनात तसंच असेल."

"मनात असून काय? बैलाच्या अंगावर पायजे ना." हसता हसता डोळ्यांना पाणी आलं, तशा सिस्टर रागावल्या. काकूंनी बैलाच्या पाठीवरून बोट फिरवलं, वशिंडापासून थेट शेपटापर्यंत. "रेघ बघ. कुठंच हालली न्हाई. हात हाय माझा." त्यांनी इतका मोठा श्वास सोडला, की शेजारच्या खाटेवरची बाईसुद्धा वळून बघायला लागली.

येताना बसमध्ये त्यांनी खिडकीची जागा सोडली नाही. तेलगावच्या अलीकडे कापूस फुटला होता. काकू मला कोपरानं ढोसत म्हणाल्या, "एवढं पांढरं असतं व्हय? इसरूनच गेलते मी."

दुसरा डोळा झाल्यावर मी ब्रशांचा डबा परत नेऊन दिला, आणि सगळी पानं त्यांनी नव्यानं रंगवली. त्याआधीच मी संपादकांना फोन करून घडलं ते सांगितलं होतं. काम अजून दुसऱ्या कुणाला दिलं नव्हतं. ते म्हणाले, "थांबतो आम्ही." पुस्तक निघालं. आता काकूंना माझी अक्षरंही नीट दिसू लागली होती. "लई वाकडी लिहितीस गं तू. दोन वर्षं मला पत्ताच न्हाई," असं म्हणून त्यांनी दोन पानं माझ्याकडून पुन्हा लिहून घेतली.

गेल्या वर्षी त्या मुलाकडे लातूरला गेल्या. पानं आता बसनं येतात. मी फुगे लिहून पुढे पाठवते. परवा फोनवर म्हणाल्या, एका पानावर म्हशीचे पाय चारदा खोडले, तरी जमंनात.

मी घाबरून विचारलं, "काकू, पुन्हा डोळ्यांचं काही…?"

"डोळे दाखवून आले परवाच, चांगले हायत. म्हैसच अवघड हाय," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवून परत कामाला बसल्या.